लाखो नोंदींचं टेबल मेमरीत कसं सांभाळतात? मेनफ्रेम व्हर्च्युअल मशीनची गोष्ट

मोबाईलवर आठ-दहा ॲप उघडली की मागचं एखादं आपोआप बंद पडतं. कारण साधं आहे, रॅम कमी पडते. मेनफ्रेमवाले हीच अडचण ५० वर्षांपासून हाताळतायत. मी कंधारचा, म्हणून उदाहरण इकडचंच घेतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?
आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं. एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असल्यासारखं वाटतं. पण पत्ता २४ बिटचा असल्याने एका मशीनला जास्तीत जास्त १६ एमबी मेमरी मिळायची.

समजा, कंधार आणि शेजारच्या तालुक्यांच्या मिळून १० लाख सातबारा नोंदी आहेत, प्रत्येक १०० बाइटची. झाले साधारण ९५ एमबी. १६ एमबीत हे मावणारच नाही. पुढे ३१ बिटमुळे मर्यादा २ जीबी झाली आणि २००० साली ६४ बिटची रचना आली.

जागा मिळाली, मग वेग?
मेमरी ४ केबीच्या पानांत विभागलेली असते. न लागणारी पानं डिस्कवर जातात आणि लागली की परत आणावी लागतात. आपलं टेबल म्हणजे सुमारे २४,४०० पानं. सुरुवातीपासून एकेक नोंद तपासत गेलात, तर हजारो पानं हलवावी लागतील. तेच टेबल गट क्रमांकाने क्रमवार लावा आणि दरवेळी मधोमध बघून निम्मा भाग सोडून द्या. जास्तीत जास्त २० तपासण्यांत नोंद सापडते!

एकच प्रत, सगळ्यांसाठी
१०० जणांनी आपापली प्रत ठेवली तर ९ जीबीच्या वर मेमरी जाईल. म्हणून व्हीएममध्ये शेअर्ड सेगमेंट असतो. खऱ्या मेमरीत प्रत एकच, ती सगळ्या मशीनना दिसते. ती सहसा फक्त वाचण्यापुरती ठेवतात, नाहीतर एक जण बदलत असताना दुसऱ्याला अर्धी जुनी, अर्धी नवी नोंद दिसेल. सातबाऱ्यात असं झालं तर मालकाचं नाव एकाचं आणि क्षेत्र दुसऱ्याचं! त्यामुळे नवी प्रत वेगळी तयार करतात. आधीपासून जोडलेले लोक सोडेपर्यंत जुनीच वापरतात.

तुमच्या फोनमध्येही हेच
अँड्रॉइडमध्ये झायगोट नावाची प्रोसेस सगळ्या ॲपना लागणारा कोड एकदाच मेमरीत आणते. प्रत्येक ॲप तीच पानं वापरतं, आणि एखादं पान बदलायचं असेल तरच त्याची वेगळी प्रत होते.

प्रोग्रामिंग शिकताय ना? मग मोठं टेबल लोड करण्याआधी नोंदींची संख्या आणि एका नोंदीचे बाइट यांचा गुणाकार करून बघा. मेमरी पुरेल की नाही, ते तिथंच कळतं.