कवायतीचे मैदान ते निवासी चौक : न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमधील ऐतिहासिक घरे

प्रस्तावना :
ऐतिहासिक घरांचा अभ्यास बहुधा स्थापत्यशैलीच्या अंगाने केला जातो. तथापि, घर ज्या भूमीवर उभे राहते तिचा पूर्वेतिहासही तितकाच बोलका असतो. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कमधील वॉशिंग्टन स्क्वेअरच्या उत्तर बाजूच्या घरांचा या दृष्टीने विचार केला आहे.

दफनभूमी ते कवायत मैदान :
१७९७ मध्ये नगर प्रशासनाने ही जागा निर्धन व बेवारस मृतांच्या दफनासाठी घेतली. पीतज्वराच्या साथींतील अनेक बळी येथेच पुरले गेले. १८२५ मध्ये दफन थांबले. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, महापौर फिलिप होन यांच्या पुढाकाराने तेथे ‘वॉशिंग्टन लष्करी कवायत मैदान’ सुरू झाले. लष्करी उपयोगापेक्षा राष्ट्रपुरुषाच्या नावाने जागेला लाभलेली प्रतिष्ठा अधिक परिणामकारक ठरली. भोवतालच्या जमिनीला मोल आले.

घरांची उभारणी :
१८३२-३३ मध्ये उत्तर बाजूस क्रमांक १ ते १३ ही घरे ग्रीक पुनरुज्जीवन शैलीत बांधली गेली. लाल विटांच्या भिंती व स्तंभयुक्त प्रवेशद्वारे हे त्यांचे वैशिष्ट्य होय. जमीन वृद्ध खलाशांसाठीच्या ‘सेलर्स स्नग हार्बर’ या धर्मादाय संस्थेची होती व ती भाडेपट्ट्याने दिली गेली. धनिक व्यापारी तेथे राहावयास आले.

मात्र चौकाचे लष्करी रूप केवळ समारंभापुरते नव्हते. चौकालगत विद्यापीठाची इमारत उभी राहत असताना तिच्यासाठी कैद्यांकडून दगड घडवून घेतला गेला. त्याविरुद्ध १८३४ मध्ये पाथरवटांनी उठाव केला, तेव्हा नागरी सेनेच्या २७ व्या रेजिमेंटने याच मैदानावर चार दिवस तळ ठोकला.

जतनाचा प्रश्न :
चित्रकार एडवर्ड हॉपर यांचे १९१३ ते १९६७ या काळात क्रमांक ३ येथे वास्तव्य होते. १९३९ मध्ये क्रमांक ७ ते १३ या घरांचे दर्शनी भाग राखून आत सदनिका करण्यात आल्या. १९६९ मध्ये हा परिसर ग्रीनिच व्हिलेज ऐतिहासिक क्षेत्रात समाविष्ट झाला.

निष्कर्ष :
कवायत मैदानाने दफनभूमीची स्मृती झाकली आणि निवासी वस्तीला प्रतिष्ठा दिली. घरांच्या दर्शनी भिंती कायद्याने जपल्या. पण मैदानाखालील हजारो निर्धन मृत आणि तळाच्या धाकाने दबलेले पाथरवट त्या भिंतींवरून वाचता येत नाहीत. वारसाजतनात वास्तूबरोबर भूमीचीही नोंद होणे म्हणूनच अगत्याचे आहे.