हादरे विकत घेणारे आणि हादरे सोसणारे

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊनच बसा.

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही टेबलाशी बसून नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले, पाठ आणि गुडघे बोलायला लागलेले. "भाऊ, ते थरथरणारं मशीन घ्यावं काय?" म्हणजे ती व्हायब्रेशन प्लेट. वर नुसतं उभं राहायचं, बटन दाबायचं, सगळं अंग थरथरतं. विकणारा सांगतो की दहा मिनिटं उभं राहिलं की तासाभराचा व्यायाम झाला. यवतमाळातल्या एका कार्यालयात तर वर्गणी काढून मशीन आणायचं घाटतंय म्हणे. मी डॉक्टर नाही, पण जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. उकरलं तर इतिहास भलताच मजेदार निघाला, आणि शेवटी तो आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर येऊन थांबला.

पहिली गोष्ट, ही कल्पना नवीन नाही. स्वीडनच्या गुस्ताफ झांडर नावाच्या डॉक्टरने 1865 साली स्टॉकहोममध्ये यंत्रांची व्यायामशाळा काढली. काही यंत्रं चक्क वाफेच्या इंजिनावर चालायची. माणसाने बसायचं, यंत्राने त्याला हलवायचं, चोळायचं, थोपटायचं, थरथरवायचं. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. आणि गिऱ्हाईक कोण? कचेरीत दिवसभर कोंडून घेतलेला पैसेवाला बाबू. बैठ्या कामाने शरीराचं जे वाटोळं होतं त्यावर हा उतारा आहे, असंच झांडर सांगायचा. दीडशे वर्षांत जाहिरात फारशी बदललेली नाही! 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकवरच्या व्यायामशाळेतही विजेवर हलणारा घोडा आणि उंट होता.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. पॅरिसचे शार्को हे मेंदूविकारांचे त्या काळातले सगळ्यात मोठे डॉक्टर. कंपवाताचे रुग्ण त्यांना सांगत, आगगाडीच्या नाहीतर घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर आम्हाला बरं वाटतं. आपण असतो तर हसून सोडून दिलं असतं. शार्कोंनी आगगाडीसारखी हलणारी खुर्चीच बनवून घेतली आणि 1892 साली त्यावर व्याख्यान दिलं. मला लगेच आपली शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. कारंजा, दारव्हा करत ती गाडी अंगाची जी काही घुसळण करायची, त्यापुढे शार्कोंची खुर्ची म्हणजे पाळणाच. फायदा होत असता तर आपल्याकडची निम्मी म्हातारी माणसं ठणठणीत राहिली असती. गंमत सोडा, पण 2012 साली शिकागोच्या डॉक्टरांनी तो प्रयोग पुन्हा केला. काही रुग्णांना थरथरणारी खुर्ची दिली, काहींना तीच खुर्ची न थरथरता. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि फरक म्हणावा असा निघाला नाही. आरामखुर्चीत निवांत पडून राहण्याचाही गुण असतो, तो कंपनाच्या खात्यावर जमा झाला होता.

मधली वर्षं भरभर सांगतो. कॉर्नफ्लेक्सवाल्या घराण्यातले डॉ. जॉन केलॉग यांनी अमेरिकेत आपल्या आरोग्यधामात थरथरत्या खुर्च्या ठेवल्या. मग कमरेला पट्टा बांधून पोट हलवणारी यंत्रं आली, जुन्या इंग्रजी सिनेमात दिसतात ती. पोट हलायचं, कमी मात्र होत नसे. 1980 च्या दशकात सोव्हिएत रशियात नाझारोव्ह यांनी खेळाडूंच्या स्नायूंवर कंपनाचे प्रयोग केले. अंतराळात वजनच नसल्याने हाडं आणि स्नायू झिजतात, त्यामुळे या विषयाला पुढे अंतराळ संशोधनाचंही वलय आलं. 2001 साली अमेरिकेतल्या क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्या रोज वीस मिनिटं बारीक कंपनावर उभ्या केल्या. वर्षभरात त्यांच्या मांडीच्या हाडाचा आतला जाळीदार भाग 34 टक्क्यांनी घट्ट झाला. 'नेचर'मध्ये छापून आलं आणि बाजाराला आयतं भांडवल मिळालं.

पण आपण मेंढ्या नाही. कॅनडात 2011 साली पाळी थांबलेल्या 202 बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. हाडं घट्ट झाली नाहीत. हाँगकाँगमध्ये साठीच्या पुढच्या 710 बायकांवर दीड वर्ष झाला. तिथेही हाडांची घनता वाढली नाही, पण पडण्याचं प्रमाण कमी झालं. मशीन न वापरणाऱ्यांत शंभरातल्या साधारण 29 जणी पडल्या, वापरणाऱ्यांत 19. हा फायदा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. स्नायूंमध्ये ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. पायाखालची फळी सेकंदाला पंचवीस-तीस वेळा हलली की ते दर वेळी स्नायूला 'आवळ' म्हणून सांगतात. अशाने पायाची ताकद आणि तोल थोडा सुधारतो. म्हणजे घरात पडण्याच्या भीतीने बसून राहणाऱ्या आजीला हे मशीन कामाचं ठरू शकतं. पंचेचाळिशीतल्या धडधाकट कारकुनाला, ज्याला जिना चढता येतो पण चढायचा नाही, त्याला कशाला पाहिजे?

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ती जाहिरातीत कधीच येत नाही.

ज्या काळात श्रीमंत लोक हादरे विकत घेत होते, त्याच काळात कामगार ते फुकट सोसत होते. ट्रॅक्टर, ट्रक, बस, खाणीतले डंपर. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते आठ वेळांच्या हादऱ्याला सगळ्यात जास्त साथ देतो, म्हणजे हादरा आत जाऊन वाढतो. खराब रस्त्यावरच्या अवजड गाडीचे हादरे नेमके त्याच टप्प्यात बसतात. मशीनवर माणूस गुडघे वाकवून उभा असतो, पाय हादरा गिळतात, आणि दहा मिनिटांनी उतरतो. ड्रायव्हर आठ तास बसलेला असतो, हादरा थेट मणक्यात. युरोपने 2002 साली कायदाच केला: आठ तासांच्या कामात सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा हादरा झाला की मालकाने उपाय सुरू करायचे, 1.15 च्या वर कामगाराला बसवायचंच नाही. आणि हो, बाजारातल्या काही व्यायाम-मशीनचे हादरे मोजले तेव्हा तेही कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या पुढे निघाले. पाठीचा त्रास असलेल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

आपल्या जिल्ह्यात वणीकडे जा. उकणीच्या खुल्या खाणीतून कोळसा निघतो, तो वाहणाऱ्या गाड्यांनी रस्ते उखडतात, आणि त्याच रस्त्यावरून आपण सगळे जातो. आयुष्य ट्रकवर काढलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना या मशीनबद्दल सांगितलं तर म्हणाले, "बाप्पा! पैसे देऊन हादरे? मले विचारलं असतं तर केबिनमधी बसवून फुकट देले असते." ते आता जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाहीत.

लंडनचा एक जुना अभ्यास इथे आठवतो. 1953 साली जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून पाहिले. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. टपाल खात्यातही तसंच: पायी नाहीतर सायकलने फिरणारे पोस्टमन बरे, टेबलावरचे कारकून वाईट. तेव्हा बसणं हाच मूळ आजार, हे सत्तर वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

आणि तोलाचं म्हणाल तर आपण कुणाकडे शिकायला जायचं? शेजारच्या अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. तिथल्या पोरांनी 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले. मल्लखांबावर जो तोल लागतो, तो कुठल्या फळीवर उभं राहून यायचा? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तर सूर्यनमस्काराचा प्रचार करताना हेच सांगत की याला यंत्र लागत नाही, जागाही फार लागत नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. एवढं सगळं घरात असताना आपण स्वीडनच्या झांडरची नक्कल हप्त्यावर घ्यायला निघालो.

ज्या कार्यालयात वर्गणी चालू आहे तिथल्या मित्रांना मी एक साधी परीक्षा सांगितली. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या सतराशे लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. दर पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सात वर्षांत मरणाचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पडाल तर धरायला भिंत जवळ असू द्या, आणि करून बघा. जमत नसेल तर रोज थोडं थोडं करा, खुर्चीला हात न लावता दहा वेळा उठा-बसा, फाइल द्यायला शिपायाला हाक न मारता स्वतः जिना चढा. वर्गणी जमलीच असेल तर त्या कार्यालयाच्या गाडीचा ड्रायव्हर ज्या फाटक्या सीटवर बसतो ती आधी बदला. मी सुचवलंय. परवाच्या बैठकीत विषय निघणार आहे, काय ठरतं ते इथेच लिहीन.

आणि कुणाच्या घरी यवतमाळ, दारव्हा, पुसदकडच्या जुन्या आखाड्यांचे नाहीतर शकुंतलेचे फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका. सालही लिहा, आठवत असेल तर.