सोलापूरच्या कवींचे विखुरलेले दप्तर

सोलापूर जिल्ह्यातील कवी-कलावंतांचा इतिहास एका जागी वाचायला मिळत नाही. त्याचा काही भाग मठांतल्या बाडांत आहे, काही लावण्यांच्या जुन्या छापील संग्रहांत, काही कन्नड वाङ्मयाच्या इतिहासात, तर काही गिरणी कामगारांच्या घरांत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा या शहरात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर बोलल्या जातात. त्यामुळे एका भाषेचा अभ्यासक दुसऱ्या भाषेतल्या शेजाऱ्याची दखल घेईलच, अशी खात्री कधीच नव्हती. ज्याची वही कोणी सांभाळली, तो कवी उरला.

या परंपरेचा आरंभ बाराव्या शतकातील सिद्धरामांपासून धरावा लागतो. त्या काळी सोन्नलगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्यांनी कन्नड वचने रचली. तळ्यातील सिद्धेश्वर मंदिर आणि संक्रांतीच्या यात्रेतले नंदीध्वज सर्व सोलापूरकरांना ठाऊक आहेत. वचनकार सिद्धराम मात्र मराठी वाचकाला फार उशिरा भेटले. त्यात सोलापुरातच जन्मलेल्या जयदेवीताई लिगाडे (१९१२–१९८६) यांचा वाटा मोठा आहे. सिद्धरामांच्या चरित्रावर त्यांनी कन्नडमध्ये पुराणकाव्य लिहिले आणि शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वाणी मराठीतही आणली. १९७४ साली मंड्या येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी त्यांना अधिक जागा द्यायला हवी होती.

सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ तालुक्यात वडवळ हे नागनाथाचे स्थान आहे. नागेश संप्रदायाचे ते एक प्रमुख केंद्र. या परंपरेतील आलमखान हे मुसलमान संतकवी. अशा कवींचा शोध रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथात घेतला. ढेऱ्यांनी हस्तलिखिते आणि स्थानिक परंपरा यांची सांगड घातली नसती, तर ही नावे देवस्थानाच्या परिसराबाहेर फारशी गेली नसती. त्याच जिल्ह्यातील पंढरपूर, मंगळवेढा आणि अरण येथील संतकवींना वारकऱ्यांच्या गाथांनी आणि फडांनी सांभाळले. त्यांना अभिलेखागाराची गरज कधी पडली नाही.

राम जोशी (१७६२–१८१२) यांची गोष्ट वेगळी आहे. जोशीपण करणाऱ्या ब्राह्मण घरात सोलापुरात जन्मलेला हा मुलगा धोंडिबा शाहिराच्या तमाशाकडे ओढला गेला. वडीलभाऊ मुद्गल हे पुराणिक. त्यांनी त्याला घराबाहेर काढले. पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. पण परतल्यावरही लावणी सुटली नाही, उलट ती अधिक शिकलेली झाली. मोरोपंतांच्या सहवासानंतर त्यांनी कीर्तने केली आणि पंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. पंतांचे यमकप्रेम मग त्यांच्या लावणीतही उतरले. शृंगार, वैराग्य, देवस्तुती, लोकव्यवहार असे सगळे विषय त्यांनी हाताळले. ‘मदालसाचंपू’सारखी पंडिती रचनाही केली. एकाच लावणीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि संस्कृत आणण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पंडिताची ही हौस होती, असे त्याचे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. सोलापूरच्या पेठेत उभ्या राहणाऱ्या श्रोत्यांची भाषाच तशी मिसळलेली होती, आणि शाहीर श्रोत्यांच्या कानाने लिहितो.

राम जोशींच्या लावण्या टिकल्या त्या आधी तमासगिरांच्या पाठांतरात आणि मग संग्राहकांच्या कष्टांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोवाडे आणि लावण्या मिळवून छापल्या. अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी केलेला पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालचा. लावणी छापणे त्या काळच्या सुशिक्षितांना संकोचाचे वाटत असताना शाळिग्रामांनी राम जोशींच्या रचनाही पुस्तकरूपाने आणल्या. हे ऋण मोठे आहे. पुढे १९४७ साली राजकमलच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने हे नाव घराघरांत पोचवले. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकरांची गीते आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे तो चित्रपट गाजला. तेव्हापासून बहुतेकांच्या मनातला राम जोशी हा पडद्यावरचा आहे. मूळ लावण्या वाचणारे थोडेच.

राम जोशींचे समकालीन शुभराय महाराज मूळचे कर्नाटकातील मालूरचे. टिपू सुलतानाच्या चाकरीतून विरक्त होऊन ते निघाले आणि सोलापुरात स्थिरावले. तेथेच १८२० साली त्यांचे निधन झाले. ते मराठी आणि कन्नड पदे रचत, शिवाय चित्रेही काढत. कागदावरची त्यांची देवादिकांची चित्रे शुभराय मठाने जपली. कागद आणि रंग यांना या हवेत दोनशे वर्षे टिकवणे सोपे नव्हे. ज्यांनी ती चित्रे उन्हापावसापासून वाचवली त्या मठातल्या पिढ्यांना अभिलेखपालच म्हटले पाहिजे.

१८७७ च्या सुमारास सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि काव्याचा श्रोता बदलला. पेठेबरोबर आता चाळ आली, भोंगा आला, सभा आली. मे १९३० मध्ये स्वातंत्र्य आंदोलन दडपण्यासाठी शहरावर लष्करी कायदा लादला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी त्या आंदोलनातील मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या त्या वातावरणात कवी कुंजविहारी (हरिहर गुरुनाथ सलगरकर) यांची एक कविता सर्वतोमुखी झाली. तिच्यात फाशी जाणारा तरुण आईला तिच्याच पोटी पुन्हा जन्म घेण्याचे वचन देतो. कविता लोकांना पाठ आहे, कवीचे नाव पुष्कळांना ठाऊक नाही.

गिरणीतून थेट आलेला आवाज अमर शेख यांचा. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. बार्शीच्या गिरणीत मजुरी, संप, तुरुंग आणि मग कोल्हापुरात मास्टर विनायक यांचा स्टुडिओ असा त्यांचा प्रवास झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा बुलंद आवाज राज्यभर घुमला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघाताने ते गेले. छापील पानावर त्यांची कविता उरली. तिला उभे करणारा गळा मात्र थोड्याच ध्वनिमुद्रणांत सापडतो. शाहिरी वाङ्मयाच्या प्रत्येक संग्रहाची हीच उणीव असते.

लाल बावटा कलापथक उभे राहिले त्याच सुमारास कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात १९४४ ते १९५६ या काळात शिकवत होते. घरची भाषा मराठी असलेल्या या कवीने मराठीतही लेखन केले. कवी संजीव, म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित (१९१४–१९९५), यांनी ‘भाऊबीज’सारख्या चित्रपटांसाठी गीते लिहिली. दत्ता हलसगीकर (१९३४–२०१२) यांची कविता त्यांच्यानंतरची. ही माणसे अजून अनेकांच्या आठवणीत आहेत, म्हणून त्यांची पत्रे, हस्तलिखिते आणि छायाचित्रे गोळा करण्याची वेळ हीच आहे.

जुन्या गिरण्या बंद पडल्या आणि रोजगाराचा एक मोठा भाग मोहोळ तालुक्यातील चिंचोळीसारख्या औद्योगिक वसाहतींकडे सरकला. कलापथकांच्या, भजनी मंडळांच्या आणि गणेशोत्सवातील मेळ्यांच्या वह्या, मराठीबरोबरच तेलुगू आणि कन्नड पदांच्याही, कामगार कुटुंबांच्या ट्रंकांत असण्याचा संभव मोठा आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. १८५३ पासून चालत आलेल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे तिची निदान एक प्रत द्यावी, आणि वहीवर लिहिणाऱ्याचे नाव व गाव नोंदवावे.