सेनिओ नदीवरील एक सत्कृत्य व त्याची छापील नोंद

बखरींतून लढाया वाचणाऱ्यांस एक गोष्ट सहज ध्यानांत येते. कोण पडला, किती घोडीं पाडाव झालीं, हें बखरकार आवर्जून सांगतो. जखमी गडी पाठीवर घालून मागें कोणीं आणला, हें बहुधा सांगत नाहीं. छापखाना आल्यावर ही उणीव दूर झाली असावी असा आपला समज असतो. तो कितपत खरा, हें पाहण्यास आमच्या मराठा पलटणीचें एकच प्रकरण येथें घेतों.

नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यांतील निमजचे. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत ते साधे शिपाई असून कंपनीचे निरोप पोंचविण्याचें काम त्यांच्याकडे होतें. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीच्या पूर्वेकडील बांधावर हल्ला झाला. कसबा बावड्याच्या वाचकांनीं राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेची दरड डोळ्यांपुढें आणावी. मात्र तींत सुरुंग पेरलेले आणि समोरून मशीनगनचा मारा, एवढें मनानें जोडून घ्यावें. पुढें गेलेली तुकडी जवळजवळ नष्ट झाली. जाधवांनीं एका जखमीस उचलून खोल पाण्यांतून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं नेलें. आणि पुन्हा येऊन दुसऱ्यासही नेलें. त्यानंतर त्यांनीं शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागील कंपन्यांस पुढें बोलाविलें. या कृत्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, व त्याची हकीकत जून १९४५ च्या लंडन गॅझेटांत छापली गेली.

आतां या साधनाची पारख. गॅझेटाचा क्रम आधीं दोन जीव व मग तीन ठाणीं असा आहे. पुढें हीच हकीकत जेव्हां दोन ओळींत सांगितली जाते, तेव्हां आमच्या पाहण्यांत बहुधा ठाणीं राहतात आणि जखमी गळतात. म्हणजे बखरकाराची जुनी खोड छापखान्यानेंही सोडलेली नाहीं! ज्यांस वांचविलें त्यांचीं नांवें तर मूळ गॅझेटांतही दिलेलीं नाहींत.

आमचे कांहीं संग्राहक मित्र युद्धकाळांतील अशीं कात्रणें सरकारी स्तुति म्हणून टाकून देतात. सरकारास भरती हवी होती, हें खरें. १९०९ सालीं निघालेला ‘फौजी अखबार’ (१९५४ पासून ‘सैनिक समाचार’) हाही सरकारीच. परंतु सनद देणाराचा हेतु पाहून सनद खोटी ठरत नाहीं. तिच्यांतील तपशील इतर कागदांशीं ताडून पाहावा लागतो, इतकेंच.

असे इतर कागद म्हणजे शिपायांचीं पत्रें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें सेन्सॉर तपासून पाही, व त्यांचे इंग्रजी उतारे आज लंडनच्या दप्तरांत आहेत. मूळ पत्रें मात्र गांवोगांवच्या घरीं गेलीं. त्या युद्धासाठीं शाहू छत्रपतींनीं भरतीस जोराचें साह्य केलें होतें. त्यांचें जन्मस्थान आमच्या कसबा बावड्यांतच आहे. तेव्हां करवीर प्रांतांत असे कागद शोधणें वावगें नव्हे.

उशीर मात्र होत आहे. २०१९ च्या महापुरांत आमच्या परिचयाच्या एका घरची ट्रंक भिजली. पत्रें उन्हांत वाळविलीं, तों शाई पार उतरून गेलेली. एका पाकिटावरील सेन्सॉरचा शिक्का तेवढा वाचतां आला. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. आम्ही घरीं येऊन नक्कल करून घेऊं; मूळ कागद धन्यापाशींच राहतील.