लेसर शीतन

लेसर शीतन : लेसर प्रकाशाच्या साहाय्याने अणू व आयन (विद्युत् भारित अणू) यांची गती मंद करून त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या (−२७३·१५° से.) अगदी निकट आणण्याचे तंत्र. सामान्य तापमानास वायूतील अणू सेकंदास शेकडो मीटर वेगाने धावतात. त्यामुळे त्यांच्या वर्णरेषा रुंदावतात व सूक्ष्म मापनास मर्यादा पडते. ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांतून या तंत्राचा विकास झाला.

ओटो फ्रिश यांनी १९३३ मध्ये सोडियम दिव्याच्या प्रकाशाने सोडियम अणूंची शलाका किंचित विचलित करून दाखविली. १९७५ मध्ये हेन्श व शॉलो यांनी मुक्त अणूंकरिता, तर वाइनलँड व डेमेल्ट यांनी सापळ्यातील आयनांकरिता शीतनाची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. लेसरची कंप्रता अणूच्या शोषण-कंप्रतेहून किंचित कमी ठेवल्यास, डॉप्लर परिणामामुळे प्रकाशाला सामोरा येणारा अणू अधिक फोटॉन शोषतो व त्याचा संवेग घटतो. उत्सर्जन सर्व दिशांना होत असल्याने त्याचा सरासरी परिणाम शून्य असतो.

आयन विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांत दीर्घकाळ धरून ठेवता येत असल्याने पहिले यश तेथे लाभले. १९७८ मध्ये बोल्डर (अमेरिका) येथे मॅग्नेशियमाचे, तर हायड्लबर्ग (जर्मनी) येथे बेरियमाचे आयन थंड करण्यात आले. उदासीन अणूंची शलाका फिलिप्स व मेटकाफ यांनी १९८२ मध्ये मंद केली. १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू व सहकाऱ्यांनी सहा लेसर शलाकांच्या छेदनस्थानी सोडियम अणू सु. २४० मायक्रोकेल्व्हिनपर्यंत थंड केले. सिद्धांतानुसार हीच अंतिम मर्यादा होती.

तथापि १९८८ मध्ये फिलिप्स यांना सु. ४० मायक्रोकेल्व्हिन तापमान आढळले. प्रयोग सिद्धांताहून सरस ठरावा, ही गोष्ट असाधारण होती. मूळ सिद्धांतात अणूच्या दोनच ऊर्जा-पातळ्या गृहीत धरल्या होत्या. प्रत्यक्षात उपपातळ्या अनेक असतात व प्रकाशाच्या ध्रुवणातील स्थानपरत्वे बदलामुळे अणूची ऊर्जा अधिक घटते, असे कोएन-तानूजी व दालिबार यांनी आणि स्वतंत्रपणे चू यांनी दाखविले. १९८९ मध्ये वाइनलँड यांच्या गटाने पाऱ्याचा एक आयन कंपनाच्या नीचतम अवस्थेत आणला.

या तंत्राला बाष्पीभवन-शीतनाची जोड देऊन कॉर्नेल व वीमन यांनी १९९५ मध्ये रुबिडियम वायूत बोस-आइन्स्टाइन संघनन घडविले. चू, कोएन-तानूजी व फिलिप्स यांना १९९७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आधुनिक आणवीय घड्याळांची अचूकता बव्हंशी याच तंत्रावर अवलंबून आहे.