परीक्षेंतला प्रश्न आणि अनिश्चिततेचें तत्त्व

इ. स. १९२३ च्या जुलै महिन्यांत म्यूनिकच्या विद्यापीठांत एका एकवीस वर्षांच्या तरुणाची डॉक्टरच्या पदवीसाठीं तोंडी परीक्षा झाली. प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक विल्हेल्म वीन ह्यांनीं त्याला विचारलें, सूक्ष्मदर्शक यंत्रानें दोन अगदीं जवळचे बिंदु वेगळे दिसण्याला मर्यादा कोणती? उत्तर आलें नाहीं. दुर्बिणीविषयीं विचारलें, तेंहि आलें नाहीं. विजेची बॅटरी कशी चालते हें सुद्धां सांगतां येईना! वीन नापास करावयास निघाले होते. परंतु गुरु सोमरफेल्ड ह्यांचें वजन उपयोगीं पडलें, आणि विद्यार्थी तिसऱ्या श्रेणींत कसाबसा सुटला. त्याचें नांव वेर्नर हायझेनबर्ग.

पदार्थविज्ञान हा आमचा विषय नव्हे. पण ही हकीकत वाचल्यापासून ती आमच्या मनांतून जात नाहीं, कारण पुढें चार वर्षांनीं तेंच यंत्र पुन्हां त्याच्या वाटेंत आलें. मधल्या काळांत, १९२५ च्या जूनमध्यें, परागज्वरानें बेजार होऊन तो हेलिगोलंड बेटावर गेला, आणि तेथें अणूच्या नव्या गणिताचा पाया त्यानें घातला. १९२७ च्या आरंभीं तो कोपेनहेगन येथें होता. त्याचे वडीलधारी सहकारी नील्स बोर नॉर्वेच्या बर्फांत फिरावयास गेले होते. एकटा असतां तो विचार करूं लागला कीं, इलेक्ट्रॉन "येथें आहे" असें म्हणावयाचें, म्हणजे काय? पाहावयाचा तर त्यावर प्रकाश टाकला पाहिजे. साध्या प्रकाशाची लहर अणूच्या हजारों पट लांब. तिनें इतकी बारीक वस्तु टिपतां येणार नाहीं. म्हणून त्यानें मनांतल्या मनांत गॅमा किरणांचें सूक्ष्मदर्शक यंत्र उभारलें. परंतु लहर जितकी आंखूड, तितका तिचा धक्का जबर. ठिकाण कळतें, गति बिघडते. दोहोंतील अनिश्चिततेचा गुणाकार एका मर्यादेखालीं जात नाहीं, आणि ती मर्यादा प्लांकच्या स्थिरांकानें ठरते. हा आंकडा नेहमींच्या मापांत लिहूं गेल्यास दशांशचिन्हापुढें तेहतीस शून्यें मांडावीं लागतात.

बोर परतले आणि त्यांनीं चूक दाखविली. नुसत्या धक्क्यानें भागत नाहीं. धक्का किती व कोणत्या दिशेनें बसला हें कळलें असतें तर तो वजा करतां आला असता. पण किरण भिंगाच्या कोणत्या भागांतून आंत आला हें कळत नाहीं, आणि भिंगाच्या त्या रुंदीवरच बारकावा दिसण्याची शक्ति अवलंबून असते. म्हणजे वीन ह्यांचाच प्रश्न! हायझेनबर्ग हट्टाला पेटला. वाद इतका विकोपास गेला कीं, आपल्याला रडूं कोसळलें असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. अखेर निबंध छापतांना त्यानें चुकीची कबुली देणारी पुरवणी जोडली व बोर ह्यांचे आभार मानले. आम्हांला हायझेनबर्गच्या बुद्धीइतकीच ही पुरवणी मोलाची वाटते.

तथापि यंत्राच्या ह्या गोष्टीनें एक गैरसमजहि पसरला. इलेक्ट्रॉनला निश्चित ठिकाण व निश्चित गति असते, आपण मात्र पाहण्याच्या नादांत ती बिघडवितों, असें पुष्कळांना वाटतें. त्याच वर्षीं केनार्ड ह्यांनीं सूक्ष्मदर्शकाचें नांवहि न घेतां हीच मर्यादा गणितानें सिद्ध केली. तंबोऱ्याची तार छेडून तत्क्षणीं बोटानें दाबून धरली, तर सूर कोणता हें सांगतां येत नाहीं. कान कच्चा म्हणून नव्हे. इतक्या थोड्या काळांत सूर पक्का झालेलाच नसतो. इलेक्ट्रॉनचें असेंच आहे. आमच्याकडे कित्येकांना ह्यांत लगेच मायावाद दिसूं लागतो. त्यांनीं जरा दम धरावा. येथें सर्व कांहीं अनिश्चित नाहीं, अनिश्चितता किती हें काटेकोर ठरलेलें आहे.

आणि तिचें कामहि मोठें आहे. इलेक्ट्रॉनला अणुकेंद्रापाशीं कोंडूं जावें तर त्याचा वेग बेसुमार वाढतो. म्हणून तो केंद्रांत कोसळत नाहीं, आणि अणूला आकार उरतो. आमचें मेज, दौत, हा हात, सर्व त्यावर उभें. हेलियमची गोष्ट तर डोळ्यांनीं पाहण्यासारखी आहे. लायडेन येथें कामरलिंग ओनेस ह्यांनीं १९०८ सालीं त्याचा द्रव केला, परंतु कितीहि थंड केला तरी तो गोठेना. अणु इतके हलके कीं, एका जागीं बसविलें तर त्यांची गति उसळते. १९२६ सालीं केसोम ह्यांनीं हवेच्या सुमारें पंचवीस पट दाब दिला, तेव्हां कोठें तो घट्ट झाला. हल्लीं मोठ्या रुग्णालयांत शरीराच्या आंतील चित्र घेणाऱ्या एम. आर. आय. यंत्रांतील चुंबक थंड ठेवावयास हाच द्रव वापरतात. रोगी आंत निजलेला असतो, आणि त्याच्या भोंवतीं शून्याखालीं २६९ अंशांवर तो अजून पातळच असतो.