इन्क्विझिशन : एका शब्दाचा प्रवास

'इन्क्विझिशन'चे मूळ लॅटिन 'इन्क्विझितिओ'. अर्थ साधाच, 'चौकशी'. मध्ययुगीन युरोपात फिर्यादी नसतानाही न्यायाधीशाने स्वतःहून तपास आरंभण्याच्या पद्धतीस हे नाव मिळाले आणि पुढे ते पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयांना चिकटले.

गोव्यात असे न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले. १७७४ ते १७७८ हा खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. येथे आरोपीस आरोप सांगितला जात नसे, साक्षीदारांची नावेही गुप्त राहत. आपला अपराध त्यानेच ओळखून कबूल करावा, अशी अपेक्षा असे. फ्रेंच वैद्य शार्ल देलों याने या कोठडीतील अनुभव १६८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

कोशात 'चौकशी' हा अर्थ अचूक आहे. परंतु जेथे उत्तर देणाऱ्यालाच प्रश्न शोधावा लागे, तेथे तो अपुरा पडतो.